तळमजल्यावरची खोली

मी एक घडीची खुर्ची बोलतेय. लोखंडी नळीचा सांगाडा, निळ्या नायलॉनच्या पट्ट्या, हात टेकायला दोन दांड्या. मिटवली की काखेत मावते. उघडताना कुरकुरते, पण ती खोड मला जन्मापासूनची आहे, त्यात तक्रार काही नाही.

माझा जन्म पेणजवळच्या गडबला झाला, हायवेच्या कडेला, वेल्डिंगच्या एका गाळ्यात. एका मांडववाल्यानं पन्नास खुर्च्या सांगितल्या आणि निम्म्या नेऊन बाकीच्या नको म्हणाला. माझ्या बरोबरीच्या हळूहळू खपल्या. मी गाळ्याच्या तोंडाशी धूळ खात राहिले. रिक्षाची वाट बघणारी माणसं माझ्यावर घटकाभर टेकायची. तेव्हापासून मला माणसांचं बसणं कळायला लागलं. ज्याला जवळच जायचंय तो पाठ टेकून बसतो. ज्याला लांबचा पल्ला आहे तो पुढच्या कडेवर बसतो आणि रस्त्याकडे बघत राहतो.

एका दुपारी शेअर रिक्षातून महिपती म्हात्रे उतरला. बरोबर त्याची बायको सगुणा. त्याचे पाय सुजलेले होते, चपलेच्या पट्ट्याखाली मांस वर आलं होतं. तो न विचारताच माझ्यावर बसला आणि डोळे मिटून राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं वेल्डरला विचारलं, "ही इकायची हाय का?"

"आवो, आपल्याला खुर्ची कशाला?" सगुणा म्हणाली.

"नाक्यावर उभं ऱ्हावत नाय गो माझ्याच्यानं. रिक्षा येयाला तास तास लागतो. ही आपली संगती ऱ्हाईल."

अशी मी म्हात्र्यांच्या घरी आले.

त्यांचं गाव गडबपासून आत, खाडीच्या अंगाला. महिपतीनं उभं आयुष्य मिठागरात काढलेलं. मीठ ओढून ओढून त्याच्या तळहाताची कातडी पांढरट, चामड्यासारखी झाली होती. पन्नाशी उलटली आणि त्याच्या दोन्ही किडन्या थकल्या. डॉक्टरांनी पहिली गोष्ट काय केली, तर जेवणातलं मीठ तोडलं. तो हसून म्हणाला होता म्हणे, "सायेब, माझ्या घामात हाय तेवढा तरी ऱ्हाऊ द्या."

आठवड्यातून तीन दिवस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, त्याला पेणला डायलिसिसला जावं लागायचं. चार तास मशीनवर. त्यासाठी त्याच्या डाव्या हाताच्या शिरा ऑपरेशन करून जोडल्या होत्या. त्या जागी रक्त सारखं घुरघुरायचं. तो हात माझ्या दांडीवर टेकला की ती घुरघुर माझ्या लोखंडात उतरायची. तोवर मला दुसऱ्या कुठल्या माणसाचा जीव असा हाताला लागला नव्हता.

गावातून पेणला जायचं म्हणजे आधी बांधावरचा खड्ड्यांचा रस्ता, मग गडबचा नाका, मग मिळेल ती गाडी. जाताना एक वेळ ठीक, पण मशीनवरून उठलेल्या माणसाला परतीचा प्रवास सोसत नसे. रस्त्यात तो दोनदा तरी ओकायचा. सगुणा मला एका काखेत धरायची आणि दुसऱ्या हातानं त्याला.

आषाढातल्या एका मंगळवारी उधाणाचं पाणी रस्त्यावर चढलं. रिक्षा येईना. पाणी ओसरेपर्यंत दुपार टळली, आणि सेंटरमधली त्याची वेळ गेली. बुधवारी सकाळी त्याला आडवं होता येईना. माझ्यावर ताठ बसून तो तोंडानं श्वास ओढत होता, पाण्यातनं वर काढलेल्या माशासारखा. गावातल्या चौघांनी त्याला माझ्यासकट उचलून टेम्पोत ठेवलं. वाचला. पण डॉक्टर सगुणाला स्पष्ट बोलले, "असं परत झालं तर हाताशी काही राहणार नाही. पेणमध्ये खोली बघा. सेंटरच्या जवळ, आणि खालच्या मजल्यावर. जिना यांना नको."

तिथून आमची वणवण सुरू झाली.

खोली मिळेपर्यंत म्हणून ते लेकीकडे गेले. दिपिका रोह्याला, वरश्यात राहायची. जावई नितेश कंपनीत शिफ्टला. मुलगा चांगला होता. सासऱ्याला म्हणाला, "बाबा, हे तुमचंच घर." पण घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर, त्यात त्याची आई. नितेश रात्रपाळी करून आला की त्याला दिवसा झोप हवी. मग महिपती मला घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये बसायचा. जाणारे येणारे विचारायचे, "कोण पाहुणे का?" तो म्हणायचा, "व्हय, पाव्हणाच हाय."

रोह्याच्या सेंटरमध्ये जागा नव्हती. नाव लिहून घेतलं, बोलावू म्हणाले. तोवर रोह्याहून पेणला आगगाडीनं जायचं. सगुणा रोह्याच्या बाजारपेठेतही चार ठिकाणी खोली विचारून आली, पण मशीनवर जागाच नाही तिथे खोली घेऊन काय करणार. तिसऱ्या आठवड्यात परतीची गाडी निडी स्टेशनात बराच वेळ अडकून पडली. महिपतीचं डोकं सगुणाच्या खांद्यावर लटकत होतं. त्याच गाडीत निडीचाच गोविंदा होता. वालाची शेती करणारा, महिपतीच्या शेजारच्या बेडवर मशीन लावून घेणारा. त्याचं गाव आलेलं, तरी तो उतरायचा थांबला.

"तुमी कंच्या खोलीच्या मागं लागलाव म्हणं?" त्यानं विचारलं.

"भेटत नाय रं," महिपती म्हणाला.

"भेटली तर माझ्यासाठी पण इचारा," असं म्हणून गोविंदा उतरला. त्याची बायको मैना त्याची पिशवी धरून मागून गेली.

दुसऱ्या दिवशी महिपतीनं लेकीला सांगितलं, "आमी आता गावाला जातो. खोली भेटली की कळवतो." दिपिका रडली. पण तिनं थांबा म्हटलं नाही. तिला म्हणता आलं नसतं, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं.

पेणमध्ये कमळाकर नावाचा एक एजंट होता. माणूस बोलघेवडा, मनाचा वाईट नाही. डायलिसिस सुटलं की तो मोटारसायकल लावून उभा असायचा आणि आम्ही त्याच्या मागोमाग बाजारातल्या गल्ल्यांतून फिरायचो. महिपती वीस पावलं चालायचा, मग सगुणा मला उघडायची, तो बसायचा. परत वीस पावलं.

पहिली खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली. "लिफ्ट येणार आहे, बिल्डरनं सांगितलंय," कमळाकर म्हणाला. दुसरी तळमजल्यावर होती, हवेशीर, मोरी आतच. पण आम्ही पोचेपर्यंत ती गणपतीच्या कारखानदारानं घेतली होती. दारातून आत बघितलं तर अजून रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती भिंतीपासून भिंतीपर्यंत दाटीनं बसलेल्या. पेणमध्ये खालच्या खोल्या अशाच जातात. कारखानदार सांगेल ते भाडं देतो आणि त्याच्या मूर्ती मालकाला पाणी मागत नाहीत. महिपतीनं तिथे हात जोडले. सगुणानं जोडले नाहीत.

एका ठिकाणी मालकानं पगाराची स्लिप मागितली. एका ठिकाणी संडास परसात, सात पायऱ्या उतरून. एका ठिकाणी डिपॉझिटचा आकडा ऐकून सगुणानं पदर नुसता तोंडाला लावला आणि आम्ही माघारी फिरलो. गावातली दोन गुंठे जागा गहाण टाकावी असं तिच्या मनात येऊन गेलं, पण ती वाट महिपतीनं बंद केली. "मी गेल्यावर तू कुठं जाशील?" एवढंच तो म्हणाला.

मग एक खोली ठरलीच. जुन्या बाजारात, एका कपड्याच्या दुकानामागे. भाडं झेपणारं, तळमजला, सेंटर हाकेच्या अंतरावर. मालक वर राहायचा. सगुणानं खोली बघितली, किल्ली हातात घेऊन बघितली, शेगडी कुठे मांडायची तेही ठरवलं. मालक खाली आला. दारात मी उघडलेली, माझ्यावर महिपती बसलेला. मालकानं त्याचे पाय बघितले, हातावरची पट्टी बघितली, काळवंडलेला चेहरा बघितला.

"यांना काय होतं?"

"किडनीचा हाय," सगुणा म्हणाली.

त्यानं किल्ली परत घेतली. हिसकावली नाही, हात पुढे केला फक्त. "वहिनी, राग मानू नका. आजारी माणूस नको. उद्या काही बरंवाईट झालं तर ही खोली परत कोण घेणार?"

हे तो महिपतीच्या समोर उभं राहून बोलला. महिपती मान खाली घालून माझ्या पट्टीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिला.

बाहेर आल्यावर कमळाकरनं मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली. मग सगुणाला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, एक सांगू? दादांना खोली बघायला आणू नका. मागाहून आले की आले."

त्यानंतर महिपती आणि मी नाक्यावरच्या मेडिकलच्या सावलीत बसायचो. सगुणा एकटी जायची. ती परत येताना दिसली की महिपती डोळे बारीक करून तिची चाल बघायचा. ती जवळ येण्याआधीच त्याला कळलेलं असायचं. तरी तो दरवेळी विचारायचा, "काय म्हनला?" आणि ती दरवेळी काहीतरी सांगायची: खोलीला ओल होती, शेजार बरा नव्हता. खरं ती कधी सांगायची नाही.

भाद्रपद गेला, कारखान्यांमधल्या मूर्ती गावोगाव गेल्या, काही खोल्या मोकळ्या झाल्या. अशाच एका शनिवारी सगुणा जवळजवळ धावत आली. विमलबाई म्हणून एक विधवा बाई, बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत तिचं दुमजली घर. खालची खोली द्यायला तयार होती. मोरी आत, खिडकी रस्त्यावर, सेंटर चार मिनिटांवर.

"तू काय सांगितलंस तिला?" महिपतीनं विचारलं.

सगुणानं पदर कमरेला खोचला.

"सगुणे."

"मिठागरावर असतात म्हनून सांगितलं."

महिपतीनं मांडीवरची पिशवी सगुणाकडे दिली. मग उठला, मला मिटवायला लागला. त्याला ते जमत नव्हतं, तरी त्यानंच मला मिटवलं.

"खोटं बोलून मी कोनाच्या घरात नाय शिरायचो. चल, दाखव कनचा घर."

"आवो, ही पन जाईल!" सगुणा रस्त्यातच रडायला लागली. "पाय धरते तुमचे. नका येऊ."

तो गेला. विमलबाईच्या ओट्यापुढे सगुणानं मला उघडलं, तो बसला, दम खाल्ला, आणि म्हणाला, "बाय, मी महिपती म्हात्रे. मिठागरावर व्हतो, आता नाय. मला डायलिसिस हाय. बायको घाबरून खोटं बोलली, तिला माफ करा. खोली द्यायची तर हे सगळं ऐकून द्या."

विमलबाई साठीच्या पुढची, बारीक अंगाची. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. तिनं लगेच नाही म्हटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

"माझे यजमान याच खोलीत गेले," शेवटी ती म्हणाली. "लोकांना कळलं, आणि दोन वर्षं कुणी भाडेकरू येईना. मग गणपतीच्या कारखान्याला दिली. मुलगा पनवेलला असतो, तो काही बघत नाही. मला या भाड्यावर जेवायचंय, दादा. तुम्ही खरं बोललात म्हणून देते. पण एक सांभाळा. माझ्या खोलीत काही होऊ देऊ नका."

कुणी कुणाला असं सांगतं का? पण तिनं सांगितलं. आणि महिपती म्हणाला, "नाय होऊ देनार. शब्द देतो."

त्या खोलीत आम्ही सात महिने काढले.

ते दिवस बरे होते, हे मला सांगितलं पाहिजे. महिपती आता सेंटरला पायी जायचा आणि पायी यायचा, वाटेत एकदाच मला उघडून. ओकणं थांबलं. संध्याकाळी तो माझ्यावर दारात बसून बाजार बघायचा. दिवसाला मोजून दोन पेले पाणी मिळायचं, त्यातला एक तो संध्याकाळसाठी राखायचा आणि घोट घोट पुरवायचा. सगुणाला गल्लीतल्याच एका बाईकडे पोह्याचे पापड लाटायचं काम मिळालं. सुरुवातीला तिचे पापड नकाशासारखे व्हायचे. महिपती एखादा पापड उचलून म्हणायचा, "हा बघ, आपली खाडी." ती हसायची. मी तिला याआधी हसताना बघितलं नव्हतं.

विमलबाई वरून आवाज द्यायची, "दादा, चहा पाठवू का? अर्धाच कप, मला माहितीये." पण ती खोलीत कधी यायची नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहायची.

महिपतीला खाडीची आठवण यायची. तो बोलायचा नाही. वारा पश्चिमेचा सुटला की मान वळवून नाक वर करायचा, इतकंच.

चैत्रातला सोमवार होता. शनिवारनंतर थेट मंगळवारी मशीन, म्हणून त्याला सोमवार नेहमीच जड जायचा. अंगात पाणी साठलेलं असायचं. सगुणा पापडाला गेली होती. ऊन भिंतीवर चढलं होतं. महिपती माझ्यावर बसून होता, आणि त्याचा श्वास लहान व्हायला लागला. त्यानं फोन उचलला, सगुणाला लावला. रिंग वाजत राहिली. तिचे हात पिठात असणार. त्यानं परत लावला. मग फोन मांडीवर ठेवला.

त्यानं खोलीकडे बघितलं. ओटा, दोरीवरची सगुणाची लुगडी, भिंतीवरचं कॅलेंडर. मग माझ्या दांड्या धरून तो उठला. उठता उठता गुडघ्यावर आला. पुन्हा उठला. मला धरून तो दाराकडे सरकला. मी मिटले नव्हते, माझे पाय फरशीवर घासत होते. उंबऱ्यावर मी अडकले. त्यानं मला उचललं. कुठून बळ आणलं कोण जाणे, पण उचललं, आणि बाहेर गल्लीत ठेवलं. मागे वळून त्यानं दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि माझ्यावर बसला.

"आत नको," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते मला माहीत नाही. तिथे मीच होते.

वरच्या गॅलरीतून विमलबाई ओरडली, "दादा, एवढ्या उन्हात का बसलात?"

त्यानं हात वर केला, बरं आहे अशा अर्थानं. ती आत गेली.

त्याचा डावा हात माझ्या दांडीवर होता. ती घुरघुर मला लागत होती. मग अडखळत लागली. मग लागेना.

गल्लीतल्या लोकांना वाटलं डोळा लागलाय. सगुणा आली तेव्हा तिनं लांबूनच त्याच्या बसण्याकडे बघितलं आणि हातातली पिशवी खाली सोडली.

त्याला गावी नेलं. मी कडी घातलेल्या दारापाशी तशीच राहिले, मग कुणीतरी मला मिटवून ओट्याला टेकवलं.

तेरावं झाल्यावर सगुणा खोली मोकळी करायला आली. दिपिका बरोबर होती. भांडी गोणीत भरून झाली, तेव्हा विमलबाई खाली आली. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली आणि फरशीवर बसली.

"मी बघितलं गो त्यांना," ती म्हणाली. "खुर्ची ओढत बाहेर आले ते. मला वाटलं वाऱ्याला बसतायत. दाराला कडी का घातली ते मला मागाहून कळलं." तिनं दाराच्या कडीकडे बघितलं. "मी तसं म्हणायला नको होतं."

सगुणा गोणीचं तोंड बांधत होती. ती थांबली नाही.

"त्यांनी तसा शब्द दिला नसता, तर खोली दिली असती का तुमी?"

विमलबाई फरशीवरून हात फिरवत राहिली. खोटं काही बोलली नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगते.

गोणी रिक्षात गेली. मला मात्र सगुणानं नेलं नाही. "इथंच ठेवते," ती म्हणाली, "मी येते परत." मला वाटलं, हे जाताना सगळेच म्हणतात.

पण ती आली, आठ दिवसांनी. तिच्यामागे निडीचा गोविंदा होता आणि मैना. गोविंदा आणखी वाळला होता. सगुणानं मला उघडलं आणि त्याला बसवलं. मग विमलबाईला हाक मारली.

"बाय, ह्यांना खोली पायजे. ह्याला पन डायलिसिस हाय. आधीच सांगते. नाय म्हनायचा तर आताच म्हना."

विमलबाई गोविंदाकडे बघत राहिली. तो माझ्या कडेवर बसला होता, पाठ न टेकता. मग ती सगळे नेम सांगायला लागली: नळ सकाळी सहाला, कचऱ्याची गाडी आठला, भाडं पाच तारखेच्या आत. बोलता बोलता अडली. मैना पदराचं टोक मुठीत घेऊन पुढच्या अटीची वाट बघत होती.

"आणि ही खुर्ची," विमलबाई म्हणाली, "आतच ठेवायची. काय वाटेल ते झालं तरी बाहेर काढायची नाही."

मैनाला ते कळलं नाही. सगुणाला कळलं. तिनं तोंड फिरवलं आणि गल्लीतून चालती झाली. ती त्यानंतर आलेली नाही.

आता मी खिडकीपाशी असते. मागची एक पट्टी तुटली, तिथे मैनानं सुतळी विणली आहे. गोविंदाचं वजन महिपतीहून कमी, आणि महिन्यागणिक कमीच होतं आहे. त्याचीही घुरघुर मला लागते, पण तिची लय वेगळी. सोमवारी मी ती जरा जास्त लक्ष देऊन ऐकते. रोह्याच्या सेंटरमधून महिपतीच्या नावानं कागद आला होता, जागा झाली म्हणून. सगुणाचा जुना नंबर लागला नाही, मग त्यांनी तिनं मागे कळवलेल्या इथल्या पत्त्यावर निरोप धाडला. तो कागद विमलबाईनं घडी करून ठेवून दिला.

मी लोखंडाची आहे, मला फार काही मागता येत नाही. खोल्या तुमच्या, दारं तुमची, कुणाला द्यायच्या तेही तुम्हीच ठरवणार. पण कुणी दमलेला माणूस दारात येऊन खोली विचारील, तर त्याला उभ्याउभ्या नाही म्हणू नका. नाहीच म्हणायचं असेल, तर निदान बसवून म्हणा.